खडकात लहर विरते कशी: माझ्या प्रकल्पाचा अनुभव

एम.एस्सी.च्या प्रकल्पातला पहिला टप्पा सरळ होता: खडक पूर्ण लवचीक धरायचा आणि संगणकात बिंदूंच्या जाळीवर भूकंपलहर पुढे सरकवायची. पण खरा खडक दर आवर्तनाला लहरीची थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतो. ही गळती क्यू या आकड्याने मोजतात; क्यू लहान तितकी गळती जास्त.

सरांनी कोडला हात लावण्याआधी कागदावर हिशेब करायला लावला. क्यू ५०, वेग सेकंदाला २५०० मीटर, अंतर ५०० मीटर. १० हर्ट्झची लहर ८८ टक्के उरते, ४० हर्ट्झची जेमतेम ६०. म्हणजे अनेक वारंवारतांनी बनलेला लहरीचा ठोका नुसता लहान होत नाही, बोथटही होतो.

मग स्प्रिंग आणि डॅशपॉट: खडकाचं वागणं लवचीक स्प्रिंग आणि ऊर्जा खाणारा दट्ट्या (डॅशपॉट) जोडून मांडायचं. पुस्तकं केल्विन-व्होइटपासून (दोन्ही समांतर) सुरुवात करतात, ते मॉडेल मी तरी वगळायला सांगेन: वारंवारता वाढली की त्यात क्यू घसरतो आणि वरचे सूर भराभर मरतात. मॅक्सवेलमध्ये (दोन्ही एकामागे एक) नेमकं उलटं. झेनर (मॅक्सवेलला समांतर आणखी एक स्प्रिंग) बरा, पण त्याची गळती एकाच वारंवारतेभोवती जमते. मला २ ते ५० हर्ट्झपर्यंत क्यू जवळपास सपाट हवा होता, म्हणून तीन झेनर समांतर जोडले.

खरी मजा पुढे आली. अशा खडकातला आजचा ताण मागच्या सगळ्या विकृतीवर (आकारातल्या बदलावर) अवलंबून असतो. तो इतिहास साठवायला गेलं तर मेच्या उन्हात कूलरसमोर ठेवलेला माझा लॅपटॉपही हात टेकेल. उपाय म्हणजे मेमरी व्हेरिएबल्स: किराणा दुकानदार जुन्या चिठ्ठ्या ठेवत नाही, वहीत फक्त मागची बाकी पुढे ओढतो, तसं. द्विमितीत ताणाचे तीन घटक गुणिले तीन यंत्रणा, म्हणजे नऊ जादा ॲरे (आकड्यांचे तक्ते). एवढं परवडलं.

क्यू आला की वेगही वारंवारतेनुसार बदलतो. त्यातून सुटका नाही, नाहीतर परिणाम कारणाआधी पोहोचेल. वरच्याच उदाहरणात १० आणि ४० हर्ट्झच्या वेगात सेकंदाला सुमारे २२ मीटरचा फरक पडतो. म्हणून दिलेला वेग कोणत्या वारंवारतेचा, हे इनपुट फाइलमध्ये लिहावंच लागतं. आणि टाइम स्टेप (गणित एका वेळी किती काळ पुढे न्यायचं ते) ठरवायची ती सर्वांत जास्त वेगावरून.

एकसंध खडकात उत्तर सूत्राशी जुळल्यावर मी नागपूरकडे वळलो. शहर डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनच्या लाव्हाथरांच्या, पूर्वेकडच्या काठावर आहे. सेमिनरी हिल्सला बेसॉल्ट (थिजलेल्या लाव्हाचा खडक), पूर्वेला नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक). बेसॉल्टमध्ये घट्ट आणि सच्छिद्र थर आलटून पालटून येतात. असे थर रचून क्यू मुद्दाम अनंत ठेवला, तरी ठोका बोथटच निघाला! इथे उष्णतेत काहीच जात नव्हतं, ऊर्जा थराथरांत उलटसुलट आपटून विखुरत होती. भूकंपमापकाला मात्र दोन्ही घट सारख्याच दिसतात. त्यामुळे आता प्रत्येक मॉडेल दोनदा चालवतो, गळतीसह आणि गळतीविना, आणि क्यूचे दोन रकाने, एक गळतीचा आणि एक विखुरण्याचा, वेगळे भरतो.