जॅकेटमध्ये शिवलेलं प्रगतिपुस्तक

एप्रिल आला की माझं टेबल प्रगतिपुस्तकांनी भरून जातं, १ मेला निकाल असतो ना, तोवर बेरजा, शेरे, सह्या, आणि हे सगळं करताना दरवर्षी मला माली देशातला तो मुलगा आठवतो.

१८ एप्रिल २०१५च्या रात्री लिबियाहून इटलीकडे निघालेली मासेमारीची एक बोट भूमध्य समुद्रात बुडाली. मदतीला आलेल्या मालवाहू जहाजावरच ती आदळली आणि उलटली. पार इंजिनाच्या खोलीपर्यंत माणसं कोंबलेली. वाचले फक्त २८, गेले ७००च्या वर. पुढच्या वर्षी इटलीच्या नौदलाने ती बोट समुद्राच्या तळातून वर काढली आणि मिलानच्या डॉक्टर क्रिस्तिना कात्तानेओ आणि त्यांच्या सोबतचे डॉक्टर एकेक मृतदेह तपासायला बसले.

त्यात हा साधारण १४ वर्षांचा, म्हणजे आमच्या आठवी-नववीतला. त्याच्या जॅकेटला हाताला काहीतरी टणक लागलं म्हणून शिवण उसवली, तर आत नीट घडी घातलेला कागद, शाळेचं प्रगतिपुस्तक, फ्रेंचमध्ये, गणित वगैरे विषयांची नावं पुसट झालेली पण वाचता येत होती. आम्हीच सांगतो ना पोरांना, जपून ठेवा रे, पुढे लागेल. त्याने ठेवलं जपून.

आणखी कुणाच्या खिशात प्लास्टिकच्या पुडीत बांधलेली माती निघाली, एरिट्रिया या आफ्रिकेतल्या देशातली.

"जातातच कशाला असे?" असं लोक सहज म्हणतात आणि मला खरंच राग येतो. मालीत २०१२पासून लढाई चालू आहे, या पोरांना व्हिसा कोण देणार, मग दलालाला पैसे द्यायचे आणि मिळेल त्या बोटीत चढायचं, आणि त्यात लोकांना वाचवण्यासाठी इटलीने सुरू केलेली 'मारे नोस्त्रुम' मोहीम २०१४च्या शेवटी बंद केली, बोटी काही बंद झाल्या नाहीत.

गेलेल्यांना इटलीच्या सिसिली बेटावरच्या दफनभूमींत पुरलंय, कितीतरी कबरींवर नुसता नंबर. तिकडे घरी आई अजून फोनची वाट बघत असेल, कुणी कळवल्याशिवाय तिने रडायचं तरी कसं? म्हणून मला त्या डॉक्टरांचं काम फार मोठं वाटतं, हाडांवरून, दातांवरून, कागदावरून नाव शोधायचं.

यंदा निकालाआधी आठवीच्या वर्गात आफ्रिकेचा नकाशा लावणार आहे. माली कुठे, लिबिया कुठे, मध्ये केवढा सहारा, आणि त्याच्यापुढे समुद्र.