दोन किलोचा काटा

मृगाच्या तोंडावर फोन आला, "भाऊ, ऑइलचा दिवा विझूनच नाई राह्यला." म्हणजे ऑइलचा दाब पडला. ट्रॅक्टरचं तीन सिलिंडरचं ते इंजिन मीच महिन्याभरापूर्वी बांधलेलं. रोटाव्हेटरवर जेमतेम चाळीस तास चाललं होतं.

बांधताना मी खुशीत होतो. नुसती क्रँक (पिस्टनखाली फिरणारा दांडा) बसवून बेअरिंगच्या कॅपा ठरल्या जोरावर आवळल्या, तिच्या टोकाच्या फ्लँजला दोरी गुंडाळली, स्प्रिंगकाट्यानं ओढली. दोन किलोवर लोण्यासारखी फिरली. गिऱ्हाईक या खेळावर फार खूश होतं. अमरावतीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्यानं तर बेअरिंगमधल्या ऑइलच्या घर्षणाचं पेट्रॉफचं १८८३ चं सूत्र लावून चालत्या इंजिनाचं घर्षणही काढलं. "काहीच नाही, मामा!"

इंजिन खोललं. टोकाच्या दोन्ही मेन बेअरिंगचे (क्रँकला धरणाऱ्या) खालचे शेल, म्हणजे अर्धगोल पत्रे, काढले. मधोमध करडा थर जसाच्या तसा, आतल्या कडेला मात्र बोटाच्या नखाएवढ्या पट्टीत तांबं उघडं. क्रँक घासणाऱ्यानं फिलेट (कोपऱ्यातली गोलाई) जाड ठेवला म्हणून त्याला फोनवर नको ते बोललो. मग गेज लावला. फिलेट बरोबर. (माफी अजून मागितलेली नाही.)

ब्लॉक उलटा करून सॅडलवर (बेअरिंगच्या बैठकांवर) सरळपट्टी ठेवली, तेव्हा मधल्या दोन्ही ०.०४ मिमी वर आलेल्या दिसल्या, म्हणजे इंजिन सुलटं असताना तेवढ्याच खाली. क्रँक आणि बेअरिंगमधली फट ०.०८ ची, त्यामुळे हातानं फिरवताना क्रँक सरळच राहते, तिला काही कळतच नाही. पण १०० मिमीच्या पिस्टनवर ८० बार दाब आला की सहा टनांवर भार पडतो. मधे आधार खाली गेलेला, म्हणून क्रँक वाकते, टोकाचे जर्नल (तिचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) तिरपे होतात आणि कडेची ऑइलची फिल्म फाटते. पेट्रॉफच्या सूत्रात शाफ्ट ताठ, बरोबर मधोमध आणि फट चहूकडे सारखी. भाच्याचं गणित चुकलं नव्हतं, पण ते दुसऱ्याच इंजिनाचं होतं.

खात्रीसाठी क्रँकची टोकं व्ही-ब्लॉकवर ठेवली, मोजायचा डायल लावला आणि मधल्या जर्नलवर अंगाचा भार टाकला. सुई एक घर सरकली. एवढं जाड लोखंड, माझ्या वजनानं! सहा टनांत काय होत असेल?

लाइन बोरिंग (सगळ्या बैठका एका रेषेत कापणं) लागेल का, असं मालकानं तेव्हा विचारलं होतं. "कायले खर्च करता," असं मीच म्हणालो होतो. आता ब्लॉक नागपूरला नेला, बोरिंग झालं, नवे शेल आले. मजुरी घेतली नाही.

परत क्रँक बसवली, कॅपा आवळल्या, सवयीनं दोरी गुंडाळून ओढली.

काटा दोन किलोवरच.