वेळापत्रक, तिसऱ्यांदा खोडलेलं
क्लासिकल होमस्कूलिंगचं (मुलांना घरीच, जुन्या युरोपीय पद्धतीने शिकवण्याचं) नवं वेळापत्रक करायला बसले आणि अख्खी दुपार गेली. व्याकरण, तर्क, वक्तृत्व या जुन्या पायऱ्यांपैकी थोरली आता तिसरीवर, धाकटा दुसरीवर. म्हणजे प्रत्येक वाक्याला त्याचं 'कशावरून?' (वैताग येतो, पण हेच तर हवं होतं!) लॅटिन मी रोज तासभर ठेवलं होतं. थोरलीने पेन्सिल घेऊन त्याचे 20-20 मिनिटांचे तीन तुकडे केले. बरोबरच आहे, विभक्तिप्रत्यय एका बैठकीत डोक्यात राहत नाहीत. युक्लिड, म्हणजे त्या प्राचीन ग्रीक गणितज्ञाची भूमिती, मात्र सकाळीच. आज पहिल्याच प्रमेयात, रेषेवर समभुज त्रिकोण काढताना, धाकटा अडला, "ही दोन वर्तुळं एकमेकांना छेदतातच कशावरून?" युक्लिडने ते सिद्ध केलेलंच नाही! अर्धा तास तिथेच गेला. शुक्रवारची दुपार कोरी सोडलीय.