आमची वाटचाल : गव्हाणीतला ण, मेंढपाळाचा ळ

नागपूरच्या सदरमधल्या आमच्या घराची पुढची खोली हेच आमचं ऑफिस, गोडाऊन आणि पॅकिंगची जागा. लहान मुलांसाठी मराठी अक्षरकार्डं, भिंतीवरचे तक्ते आणि गिरवायच्या वह्या आम्ही काढतो. कार्डाच्या पुढच्या बाजूला अक्षर आणि चित्र असतं, मागे पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, चार ओळींची गोष्ट. मी बालवाडीत शिकवायचे, आणि आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य ऑफसेट प्रेसमध्ये गेलं. दोघांना मिळून येणारं काम हेच होतं.

नागपुरात ख्रिस्ती शाळा म्हटलं की लोकांना कॉन्व्हेंट आठवतं, आणि कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये या गावात आले, त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 पासून उभं आहे. एवढी जुनी परंपरा असूनही रविवारच्या शाळेसाठी मराठीतला अक्षरांचा तक्ता शोधायला गेले, तर सीताबर्डीच्या दुकानांतून ‘ए फॉर आर्क’ (म्हणजे नोहाचं तारू) घेऊन परत यावं लागायचं. त्यातही गंमत अशी, की आर्कमध्ये ‘आ’ ऐकू येतो. मुलाला शिकवायचा असतो ‘ॲ’. आमच्या इंग्रजी संचात पुढे आम्ही तिथे नीतिसूत्रांतली मुंगी घेतली, ॲन्ट.

मराठी संच करायला बसलो तेव्हा वाटलं होतं, शब्द काय, शास्त्रभर पडलेत. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, मोठ्यांकडून यादी मागवली. आली ती अशी : क क्रूसाचा, ख ख्रिस्ताचा, प प्रभूचा, स स्तोत्राचा. आपल्या विश्वासातले सगळे मोठे शब्द जोडाक्षराने सुरू होतात! चार वर्षांच्या मुलाला सुटा ‘क’ दाखवायचा आणि चित्राखाली ‘क्रू’ लिहायचं, हे मला पटेना. मुलाने बोट ठेवावं तर ‘क’ त्याला सापडतच नाही. पाळकसाहेबांना आधी वाईट वाटलं. “पहिल्या पानावर क्रूस नाही, मग हे आपलं पुस्तक कसं?” मी म्हटलं, साहेब, अक्षर खोटं शिकवून खऱ्याची गोष्ट कशी सांगायची? ते हसले, पण पूर्ण पटलं नसावं.

मग क कबुतराचा झाला, नोहाकडे जैतुनाचं पान घेऊन आलेलं. ख खडकाचा, ज्यावर शहाण्याने घर बांधलं. छ छपराचा, कारण चौघांनी आपल्या पक्षाघाती मित्राला छप्पर उघडून येशूपुढे खाली सोडलं. ही गोष्ट मुलांना इतकी आवडते की कार्ड फाटेपर्यंत मागतात. ट टोपलीचा, उरलेल्या भाकरींच्या बारा टोपल्यांमधला. उ उंबराचा : येशूला पाहायला जक्कय नावाचा माणूस ज्या झाडावर चढला ते आपल्या मराठी शास्त्रात उंबरच आहे. तिकडचं झाड अगदी इथलं नसलं तरी उंबराच्याच जातीचं, त्यामुळे चित्र काढायला अंगणात पाहिलं तरी चालतं. ढ ढगाचा. दुष्काळात एलीया संदेष्ट्याच्या सेवकाला समुद्रावर दिसलेला तो तळहाताएवढा ढग. नागपूरच्या मे महिन्यात या गोष्टीचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

सगळ्या कार्डांवर गोष्ट ओढूनताणून बसवली नाही. ब बदकाचा, तर बदकाचाच. मागे एवढंच, की देवाने पाण्यात पोहणारे पक्षी केले.

फळाच्या कार्डावर चित्रकाराने एदेन बागेत लालबुंद सफरचंद लावून आणलं. शास्त्रात तिथे नुसतं ‘फळ’ म्हटलंय, त्या गोष्टीत सफरचंदाचं नाव नाही. बदलून गोल, कुठलंही नसलेलं फळ काढून घेतलं. इथली मुलं त्याला संत्रं म्हणतात. आता त्यावर उपाय नाही.

खरी कसोटी ण आणि ळ यांनी घेतली. या अक्षरांनी मराठीत शब्द सुरू होत नाही, म्हणून जुन्या तक्त्यांत बाण आणि बाळ असतात. आमच्याकडे ण गव्हाणीचा आणि ळ मेंढपाळाचा. दोन्ही नाताळच्या नाटिकेतलेच शब्द, मुलांच्या कानावरचे. अडचण वेगळीच निघाली. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. डोळा म्हणजे डोया, कोण म्हणजे कोन. कामठीच्या एका रविवारच्या शाळेतून ताईंचा फोन आला, “मॅडम, कितीही शिकवा, लेकरं मेंढपायच म्हनतात!” त्या स्वतःही ‘म्हनतात’च म्हणाल्या. मुलाच्या घरच्या बोलण्याला चूक ठरवायचं नाही, हे आम्ही पहिल्यापासून ठरवलं होतं. म्हणून ध्वनिफिती करून क्यूआर कोड छापला. त्यात मेंढपाळ, सावकाश, तीनदा. मुलं आधी ऐकतात, टाळूला जीभ मागे वळवून बघतात, मग अक्षर गिरवतात. घरी डोया, वर्गात डोळा. दोन्ही चालतं.

च आणि ज यांचंही असंच. चटईतला च वेगळा आणि चिमणीतला वेगळा, पण लिहायला एकच. शिष्यांच्या जाळ्यातला ज आणि जिवंत पाण्यातला ज यांची दोन वेगळी कार्डं आहेत. हिंदीत वाढणाऱ्या मुलांना, आणि आमच्या मंडळीत ती निम्मी तरी असतील, हा फरक कोणी सांगितलेलाच नसतो. फॉन्टचंही तेच दुखणं. कॉम्प्युटरवरचे बरेच फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे देतात. ह्यांनी दोन्ही अक्षरं हाताने काढून प्लेटवर घेतली. ॲ आणि ऑ 2009 च्या शासन निर्णयाने वर्णमालेत आले, तेही आहेत.

क्रम मात्र आम्ही वर्णमालेचा ठेवला नाही. गिरवायला ग, म, भ, न एका कुळातले, म्हणून सुरुवात तिथून. ग गाढवाचा, यरुशलेमेत प्रभू येशू ज्यावर बसून आले ते. एका पालकांनी संच परत केला, मुलाला पहिलंच अक्षर गाढवाचं नको म्हणून. पैसे दिले.

अक्षरांच्या खेळात शास्त्र आणू नये, असंही एका वडीलधाऱ्यांचं म्हणणं पडलं. त्यांच्यासमोर बायबलमधलं स्तोत्र 119 उघडलं. 176 वचनं, बावीस गट, आणि प्रत्येक गटातली आठही वचनं त्याच एका हिब्रू अक्षराने सुरू होतात, अक्षरमालेच्या क्रमाने. त्यांनी नातवासाठी दोन संच नेले.

धंद्याचं थोडक्यात सांगते. विक्री नाताळच्या आधी आणि उन्हाळी बायबल शाळांच्या वेळी; बाकी महिने वह्यांवर निघतात. कार्ड जाड, 300 जीएसएमचं (चौरस मीटरला 300 ग्रॅम), दोन्हीकडून लॅमिनेशन, कोपरे गोल कापलेले, कारण टोकदार कोपरा आधी तोंडात जातो. अंगणवाडीच्या काही सेविका मागची बाजू कोरी मागतात. तशीही छापतो, किंमत तीच.

सध्या दुसरा संच टेबलावर आहे, जोडाक्षरांचा. पाळकसाहेबांचा क्रूस आता येतोय, प्रभू येतोय, ख्रिस्तही. र इथे चार सोंगं घेतो : क्रूसात तो पायाशी तिरपा, स्वर्गात डोक्यावर, राष्ट्रात खाली काकपदासारखा (^), आणि पूर्वेच्या ताऱ्यामागे निघालेल्या मागी, म्हणजे ज्ञानी, लोकांच्या कार्डावर आडव्या रेघेचा. हा शेवटचा ऱ्य आमच्या कॉम्प्युटरवर धड उमटत नाही, सुटा र आणि य पडतो. म्हणून ह्यांनी पुन्हा बोरू काढलाय.