मतपत्रिकेवरचं एकच नाव

"मामा, यांच्या घटनेत तर सगळंच आहे की!"

भाचीनं आज पुस्तकातून मान वर काढली. सोव्हिएत संघाची 1936 ची राज्यघटना. भाषणस्वातंत्र्य, सभा, मोर्चे, गुप्त मतदान... कलमं कशी अगदी ओळीनं उभी.

मग तिला 1937 ची निवडणूक सांगितली. मतदान गुप्त होतं बरं का! फक्त प्रत्येक जागेसाठी मतपत्रिकेवर नाव एकच. आणि त्याच वर्षी माणसं घराघरांतून उचलली जात होती. लाखांनी.

"म्हणजे समाजवाद म्हटला की हे येणारच?"

इथे मी अडखळलो. कारण ब्रिटनमध्ये पंतप्रधान ॲटलींच्या समाजवादी मजूर पक्षानंही कोळशाच्या खाणी सरकारी केल्या, 1948 मध्ये सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा आणली. पण तिथे विरोधी पक्ष होता, टीका करणारी वर्तमानपत्रं होती. 1951 च्या निवडणुकीत मजूर पक्षाला मतं विरोधी हुजूर पक्षापेक्षा जास्त पडली, जागा मात्र कमी. ॲटली निमूट खुर्ची सोडून गेले. (तेव्हाचं वाचल्यापासून या माणसावर माझा जीव आहे.)

भाची थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "पण नाव एकच होतं, तर मतदान गुप्त कशाला ठेवलं?"

सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. तुम्ही काय सांगितलं असतंत तिला?