टाकीवरचा रास्पबेरी पाय, आठवडा तिसरा: दोष चार्जर आणि केबलचा निघाला

टाकीतलं पाणी मोजायला रास्पबेरी पाय, म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा संगणक, बसवलाय. पंधरा दिवस हा पाय अधूनमधून आपोआप बंद पडून सुरू व्हायचा. आधी मेमरी कार्डावर संशय घेतला, मग सिस्टीम दोनदा नव्याने टाकली. शेवटी चोर सापडला तो चार्जर आणि केबलमध्ये. पहिला बोर्ड घ्यायच्या विचारात असाल तर हे आधी वाचा.

बोर्ड रास्पबेरी पाय 4, 4 जीबीचा. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती, एवढंच सांगायला पायचंच छोटं मॉडेल, झीरो 2 डब्ल्यू, पुरलं असतं. पण त्यात 512 एमबीच मेमरी, आणि साध्या मॉडेलला पिना स्वतः सोल्डर कराव्या लागतात. नववीतल्या भाच्याला हाच बोर्ड टीव्हीला जोडून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायचीय, म्हणून 4. टीव्हीसाठी केबल मायक्रो एचडीएमआय लागते. मिनी लागते झीरोला, दुकानात नीट बघून घ्या.

आता मुख्य गोष्ट. घरात मोबाइलचा 18 वॅटचा चार्जर होता. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानदारालाही विचारलं, तो म्हणाला, "चालतंय की!" मलाही पटलं, कारण आकडा मोठा दिसत होता. पण ते 18 वॅट 9 व्होल्ट आणि 2 अँपिअरचे. पाय 9 व्होल्ट मागतच नाही, त्यामुळे चार्जर 5 व्होल्टवरच राहतो आणि तिथे 2 अँपिअरच्या आसपास थांबतो. वर केबल बारीक तारेची. जाऊन-येऊन 0.2 ओहमचा रोध धरला तरी 2 अँपिअरला 0.4 व्होल्ट वाटेतच जातात. बोर्डाच्या पिन 2 (5 व्होल्ट) आणि पिन 6 (ग्राउंड) वर मल्टिमीटर लावला, वीज जास्त खेचावी म्हणून कॅमेरा सुरू केला, काटा 4.5 च्या घरात. साधारण 4.63 च्या खाली पाय पडद्याच्या कोपऱ्यात कमी व्होल्टेजची खूण म्हणून विजेचं पिवळं चित्र दाखवतो. ते मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

पायचाच 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा अ‍ॅडाप्टर आणला, केबल त्यालाच जोडलेली. चार दिवस झाले, एकदाही बंद पडलेला नाही. मी आता नवख्या माणसाला आधी अ‍ॅडाप्टर घ्यायला सांगेन, बोर्ड मागाहून. पाय 5 घेणार असाल तर 5 अँपिअरचाच घ्या. 3 अँपिअरवर तो चालतो, पण सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून 600 मिलिअँपिअरच देतो.

मेमरी कार्ड 32 जीबी, ए1 खूण (अ‍ॅप चालवण्याच्या वेगाची) असलेलं. आमच्याकडे वळवाच्या पावसात लाईट जाते आणि लिहितानाच गेली तर कार्ड बिघडू शकतं, म्हणून नोंदी दर मिनिटाला न लिहिता तासाला एकदाच कार्डावर उतरवतो. उष्णता बाहेर जावी म्हणून बोर्डाची डबी (केस) अ‍ॅल्युमिनियमची घेतली. 80 अंशांना प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत मे महिन्यात ते अशक्य नाही.

पाण्यापर्यंतचं अंतर आवाजाच्या लहरींनी मोजणारा सेन्सर एचसी-एसआर04. त्याची इको पिन (परतलेल्या लहरीचा संकेत देणारी) 5 व्होल्ट देते, पायच्या पिना 3.3 च्या. थेट जोडलंत तर बोर्ड जाऊ शकतो. मध्ये 1 किलोओहम आणि 2 किलोओहमचे दोन रेझिस्टर लावले की बरोबर 3.3 च्या आसपास येतं. पण टाकीतल्या वाफेला हा सेन्सर टिकणार नाही, म्हणून जलरोधक जेएसएन-एसआर04टी मागवलाय. त्याला 20-25 सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही, तेव्हा टाकीच्या झाकणावर उंच पाइप बसवावा लागेल. पाइप कापून ठेवलाय, रविवारी चढवतो.