काकांचं चाक कुठंय?

चैत्र वद्यात धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची यात्रा भरते. तेरणेच्या काठी समाधीचं दर्शन झालं की दुपारच्या रखरखाटात माणसं सावली शोधत निघतात आणि त्यातली बरीचशी संग्रहालयात शिरतात. मी तेव्हा तिथे वस्तूंच्या नोंदी तपासायच्या कामावर होते. यात्रेच्या दिवशी नोंदीबिंदी काही होत नाहीत. काचेला हात लावू नका, पाणी तिकडे आहे, चपला काढायची गरज नाही, हे देऊळ नाही, एवढंच दिवसभर बोलायचं असतं.

आणि एक प्रश्न ठरलेला असतो, “काकांचं चाक कुठंय?”

चाक नाही. ज्या थापटीने काकांनी संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, तीही नाही. काका तेराव्या-चौदाव्या शतकातले. आमच्या कपाटांतल्या बऱ्याच वस्तू त्यांच्याही हजारेक वर्षं आधीच्या, सातवाहनांच्या काळातल्या. तेव्हा या गावाला तगर म्हणत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे आणि तिथलं कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून गुजरातेतल्या भडोच बंदराला जातं. इथे सापडलेल्या बाईच्या हस्तिदंती मूर्तीसारखीच एक मूर्ती 1938 मध्ये इटलीत पॉम्पेईच्या राखेतून निघाली. शाळेच्या सहलींना मी हे सगळं रंगवून सांगते, पोरंही डोळे मोठे करून ऐकतात. पण पहाटेपासून पायी चालून आलेला वारकरी भडोचचं सगळं ऐकून घेतो, “आसंल बा,” म्हणतो आणि परत चाकाचं विचारतो. त्याचं चूक आहे असं मला कधी वाटलं नाही. तो काकांकडे आलेला असतो, सातवाहनांकडे नाही.

त्या दिवशी मी व्हरांड्यात टेबल मांडून खापरांचा ट्रे पुढ्यात घेतला होता. या संग्रहाचा पाया रामलिंगप्पा लामतुरे यांनी घातला. ते तेरचेच. शेतात, पांढरीत (जुन्या वस्तीच्या जागी) पावसानंतर उघडं पडलेलं मणी, मूर्ती, शंखाच्या बांगड्या, खापरं असं त्यांनी हजारोंनी जमवलं आणि पुढे सरकारला दिलं. ते नसते तर यातलं निम्मं नांगराखाली गेलं असतं. फक्त वर आलेल्या वस्तूचा थर हरवलेला असतो. उत्खननात वस्तू कोणत्या थरात मिळाली यावरून काळ ठरतो, इथे तो आधार नाही. मग घडण, माती, भाजणी हेच वाचत बसायचं.

सत्तरीच्या आसपासच्या एक आजी टेबलाशी येऊन थांबल्या. कपाळाला बुक्का, हातात पितळी तांब्या. मला न विचारताच त्यांनी ट्रेमधलं एक खापर उचललं. मी “आजी, नको” म्हणेपर्यंत त्यांनी ते उलटं करून आतल्या बाजूवरून अंगठा फिरवलासुद्धा.

“थापलेलं हाय,” त्या म्हणाल्या. “हे बग. गोट्याचे खळगे.”

आतून उथळ, एकाशेजारी एक असे गोल खळगे होते. बाहेरची बाजू मात्र गुळगुळीत. चाकावर मडकं जाड उतरवतात, मग आतून दगडी गोटा धरून बाहेरून थापटीने ठोकत त्याचं पोट फुगवतात. आजी कुंभारवाड्यातल्याच निघाल्या. चाक घरच्या बाप्यांचं, थापणं त्यांचं. “चाळीस वर्सं थापलंय, माय. मनगट गेलं बग.”

मग मीच त्यांना आत घेऊन गेले. तिथे एक वाडगा आहे, बाहेरून तांबडा, आतून कुळकुळीत काळा. काठाबाहेरही दोनेक बोटं काळा पट्टा, आणि काळ्या-तांबड्याची सीमा नागमोडी. आम्ही याला ‘काळी-तांबडी खापरं’ म्हणतो. हे दोन रंग एकाच भाजणीत कसे आले यावर अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. काही न सांगता मी आजींना नुसतं बघू दिलं.

त्यांनी काचेला नाक लावलं. (नियम सगळे गुंडाळलेच होते.) “उपडं घातलंय. तोंड भुसकटात रुतलं, वारा आत गेला न्हाई. धूर कोंडला की काळं पडनारच. भाएर जाळ लागला, तितं तांबडं.” आणि त्या नागमोडी रेघेवर बोट धरून म्हणाल्या, “हितवर भुसकट हुतं.”

पानंच्या पानं लिहूनही बहुतेक अभ्यासक जिथे पोचतात, ते हेच. मला ते पुस्तकातून माहीत होतं. पण ती रेघ म्हणजे भुशाची पातळी, असं मी त्या वाडग्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

तोवर मागे पंधरा-वीस माणसं जमली होती. आजी पुढच्या कपाटाकडे सरकल्या की सगळी सरकत. मी फक्त वाट करून देत होते. एका पोकळ मूर्तीच्या कानामागची बारीक शिवण दाखवून त्या म्हणाल्या, “दोन साच्यांतली. फुडचं अंग येगळं, मागचं येगळं, मग जोडलं.” पोळ्याचे बैल त्या हातानेच करतात, साच्यातलं काम त्यांना फारसं पटत नसावं. “पन बोटं चांगली हाईत,” एवढी दाद मात्र दिली. एका मुलाने विचारलं, हे काकांनी केलं का? “काकांच्या आधीच्यांनी. काका शिकले आसतील की कुनाकडून.”

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्नचा सपाटा लावला. जावई दोनदा बोलावून गेला. नोंदपत्रावर लिहायला मी त्यांचं नाव विचारलं. त्यांना ते आवडलं नाही. “नाव कशाला? ते काळं भांडं निगुतीनं ठिवा. आन् काठावर उपडं ठिवू नका, कड खाती.”

नोंदीत मी भाजणीचं, भुशाच्या रेघेचं लिहिलं आणि पुढे ‘परंपरागत कुंभारकाम करणाऱ्या महिलेकडून’ असं टाकलं. मग फळीवर उपडे ठेवलेले होते तेवढे सगळे वाडगे सुलटे केले.